बोटांवरच्या पट्ट्या

"हे बांधलंय कुणी? काय सुरेख बांधलंय!" नवी डॉक्टर म्हणाली आणि माझ्या हातातला चिमटा ट्रेमध्ये पडला. आवाज झाला म्हणून सगळ्यांनी वळून पाहिलं. सकाळचे सव्वानऊ झाले होते. इमर्जन्सीच्या चार नंबरच्या खाटेवर एका बाईला नुकतंच आणून टाकलं होतं. ती कामाला होती त्या कपडे दुरुस्तीच्या दुकानाचा मालक तिला स्वतःच्या गाडीतून घेऊन आला होता आणि आता दाराशी उभा राहून इथून कधी सटकता येईल याचा अंदाज घेत होता. बाई तापाने फणफणली होती. तिच्या डाव्या पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पट्टी होती, आणि ती पट्टी मी बांधलेली होती. माझी पट्टी मी शंभरात ओळखतो. सव्वीस वर्षं मी या दवाखान्यात ड्रेसर आहे. जखमा धुवायच्या, साफ करायच्या, बांधायच्या, एवढंच करतो आणि एवढंच मला येतं. पण ते येतं. हल्लीची मुलं नुसती पट्टी गुंडाळतात आणि वर चिकटपट्टी फासतात, जणू पार्सल पाठवायचंय. नवी डॉक्टर पट्टीवरून बोट फिरवत होती. तिला येऊन तीनच आठवडे झाले होते, अजून तिला चांगल्या गोष्टी दिसत होत्या. माझ्याकडे बघून हसून ती म्हणाली, "मामा, तुमच्या तोडीचं कुणीतरी आहे बरं का गावात." दवाखान्यात मला सगळे मामाच म्हणतात. मी चिमटा उचलला, वेगळा ठेवला, दुसरा घेतला आणि म्हणालो, "असेल की."

खाटेवरच्या बाईने डोळे उघडले होते. तिने आधी डॉक्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझ्याकडे पाहून तिने ओळख दाखवली नाही. ओळख न दाखवणं हे सुद्धा एक काम असतं, चेहऱ्याला ते करावं लागतं. ते मला दिसलं. "कुठे दाखवत होता तुम्ही?" डॉक्टरने विचारलं. "कुठे नाही. शेजारीण बांधते," ती म्हणाली. "ताप कधीपासून?" "कालपासून." खिडकीवरच्या कारकुनाने तेवढ्यात निरोप पाठवला की या नावाचा गेल्या वर्षभरातला केस पेपर नाही, म्हणजे बाई पहिल्यांदाच आलीय. डॉक्टरने मान हलवली आणि कागदावर लिहिलं : पायाला जखम, एक दिवस ताप. मी तिथेच उभा होतो, हात लांब केला असता तर तिच्या पेनाला लागला असता. ताप एक दिवसाचा नव्हता. तीन आठवड्यांचा होता. मला माहीत होतं, कारण त्यावरच्या गोळ्या मीच दिल्या होत्या. आणि ती पहिल्यांदा आलेली नव्हती. गेले चौदा महिने ती एक दिवसाआड मागच्या दाराने माझ्या ड्रेसिंग रूममध्ये येत होती. ती खोटं बोलत होती ते माझी नोकरी वाचावी म्हणून, आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभा होतो तोही माझी नोकरी वाचावी म्हणून. त्या बाबतीत आमचं एकमत होतं म्हणायचं.

ती पहिल्यांदा आली तेव्हा समोरच्याच दाराने आली होती, अगदी रीतसर. कोपराच्या आतल्या बाजूला लिंबाएवढं गळू होतं. खिडकीवर विचारतात, कशामुळे झालं? तिने खरं सांगितलं, नशेच्या सुईमुळे. एकदा ते सांगितलं की माणूस शेवटच्या बाकावर जातो. तसा काही लेखी नियम नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. सुईवाले म्हणजे वेळ खाणारे, वेदनाशामक मागणारे, चादरी चोरणारे, आज बरे केले तर उद्या परत येणारे. खोटं कशाला बोलू, मीही तसंच म्हणायचो. ती साडेचार तास बसली. तिच्या नंतर आलेला खरचटलेला गुडघा आधी आत गेला, मुंगी चावलेला हात आधी गेला. शेवटी तिला आत घेतलं तेव्हा त्या वेळचा डॉक्टर, आता बदलून गेलाय तो, नीट बधिर न करताच कापायला बसला. ती ओरडली तर म्हणाला, "रोज टोचून घेताना दुखत नाही, आता बरं दुखतंय!" आणि ती उठली. हातातून पू गळतोय, रक्त गळतंय, अशी उठून सरळ चालायला लागली. कुणी अडवलं नाही. सिस्टर म्हणाली, "जाऊ दे." मला काय झालं सांगता येत नाही. मला तिची दया आली असं म्हणायला आवडेल, पण खरं सांगायचं तर मला ती उघडी जखम बघवली नाही. अर्धवट टाकलेलं काम मला बघवत नाही, घरीही नळ ठिबकायला लागला तर मी जेवू शकत नाही. मी गॉज घेऊन तिच्यामागे गेलो, लॉन्ड्रीच्या बाजूच्या जिन्याखाली तिला बसवलं आणि काम पुरं केलं. बांधून झाल्यावर तिने हात वर करून उजेडात पाहिला आणि म्हणाली, "कडा काय सरळ आल्यात हो. तुम्ही शिवणात असायला हवं होतं." मग म्हणाली, "मेले तरी परत येणार नाही इथे." आणि मी म्हणालो, "इथे येऊच नकोस. पेपरही काढू नकोस. दहाला पहिली गर्दी ओसरते, तेव्हा मागच्या दाराने ये. मी करीन." एवढं सोपं होतं ते. कुणाला विचारायला नको, कुणाचं ऐकून घ्यायला नको. त्या दिवशी घरी जाताना मी शीळ घालत होतो. बायकोने विचारलंसुद्धा, "अहो, आज स्वारी खुशीत?"

दुकान गिऱ्हाइकांसाठी अकराला उघडायचं, त्यामुळे दहा तिला सोयीचं होतं. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, कमरा सैल करायच्या, चेन बदलायच्या, असलं काम. ती कधी उशिरा आली नाही. सुईवाल्यांना वेळेचं भान नसतं असं म्हणणाऱ्यांना मी तिला दाखवायला हवं होतं, पण तेच तर दाखवायचं नव्हतं. हातांच्या शिरा संपल्या म्हणून पुढे ती पायावर आली आणि पोटरीवर ती जखम झाली, जी कधी भरत आल्यासारखी दिसायची आणि पुन्हा फुटायची. मी तिला टोचणं सोड म्हणून कधी सांगितलं नाही. एकदाच म्हणालो होतो, तेव्हा ती म्हणाली, "मामा, तुम्ही पायाचं बघा. वरचं माझं मी बघते." मला ते पटलं. माझं खातं जखमांचं. बाकी आम्ही बोलायचो ते कापडाबद्दल. पट्टीचं कापड आता पूर्वीसारखं येत नाही, वीण विरळ झालीय, ओढलं की तिरकं जातं, हे तिने मला सांगितलं, आणि पुढच्या वेळी रोल घेताना मी बघितलं तर खरंच. तिला माझ्या कामातलं कळत होतं. सव्वीस वर्षांत ज्यांच्या मी जखमा बांधल्या त्यांतल्या कुणी पट्टीकडे पाहिलं नव्हतं, ते आपल्या दुखण्याकडे बघतात, आणि ते बरोबरच आहे म्हणा. ही मात्र बांधून झाल्यावर पाय जरा लांब धरून, मान तिरकी करून बघायची आणि मग म्हणायची, "हं." त्या एका "हं"साठी मी तिच्यापुरते चांगल्यातले रोल बाजूला काढून ठेवायला लागलो होतो. तिच्यामागोमाग आणखी दोघे यायला लागले, एक रंगारी आणि एक पूर्वी बस चालवणारा. त्यांचंही करायचो. पण ते नुसते यायचे आणि जायचे.

चार नंबरवर आता सलाईन लागलं होतं. शीर सापडेना म्हणून सिस्टरने सातव्या वेळी मनगटाजवळ कशीबशी सुई घातली आणि तोंडातल्या तोंडात काही म्हणाली. ते "पहिल्यांदा आलीय म्हणे" असं असावं. या सिस्टरचे डोळे चांगलेच तयार आहेत. तिने हातावरच्या जुन्या खुणा पाहिल्या, पायाची पट्टी पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं, आणि रिकामा ट्रे उचलून निघून गेली. ती मला सांभाळून घेत होती. सगळेच मला सांभाळून घेत होते. निवृत्तीला माझे अकरा महिने राहिले आहेत आणि या वयात माणसाला लोक सांभाळून घेतात. मी माझ्या खोलीत जाऊन एका स्वयंपाक्याचा भाजलेला हात धुवायला घेतला. स्वयंपाकी सारखा बोलत होता, तेल कसं उडालं, मदतनीस कसा गाढव आहे. मी हं हं करत होतो. मधल्या पडद्याच्या फटीतून चार नंबरचा शेवट दिसतो, तिचे पाय दिसत होते. पट्टी काढून टाकली होती, जखम उघडी होती, आणि जखम चांगली होती. हे मी पुन्हा पुन्हा बघत होतो. लाल, स्वच्छ, वास नाही, कडा जिवंत. एवढी चांगली जखम आणि एवढा ताप, हे जुळत नव्हतं. तिला पहिल्यांदा ताप आला तेव्हाही ते जुळलं नव्हतं. तेव्हा मी काय केलं? कपाटात उरलेल्या गोळ्यांची दीड पाकिटं होती, एका पेशंटची राहिलेली, ती दिली. चार दिवस ताप उतरला. आम्ही दोघं खूश. मग पुन्हा आला. पुन्हा थोड्या दिल्या, दुसऱ्या रंगाच्या. ती म्हणाली, "घामाने उशी भिजते हो, पिळून काढावी लागते." मी म्हणालो, "हवा बदललीय, सगळीकडे साथ आहे." सगळीकडे साथ आहे हे वाक्य आम्ही दवाखान्यातली माणसं फार वापरतो. त्याने समोरच्याला बरं वाटतं आणि आपल्याला पुढच्याकडे वळता येतं.

आणि मग बोटं. गेल्या सोमवारची गोष्ट. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "मामा, हे बघा काय नवीन." बोटांच्या टोकांना बारीक लाल ठिपके होते, मसुरीएवढे, दाबलं की तिचा जीव जायचा. "सुई धरवत नाही. कापडाला हात लावला तरी कळ येते." मी बघितलं आणि विचारलं, "शिवताना टोचलंय का?" ती हसली, "टोचायचंच की. दिवसभर तेच करते." मग आम्ही दोघांनी डोकं लावलं. जाड कापडाची कामं आली होती, जीन्स, ताडपत्रीच्या पिशव्या, त्याने झालं असणार. एका बोटात शिवणाचं टोपण घालते, बाकीची उघडीच असतात. मी म्हणालो, सगळ्या बोटांना टोपण घाल. ती म्हणाली, मग काय पियानो वाजवू? आम्ही हसलो. मी आठ बोटांच्या टोकांना मऊ गॉज लावून बारीक पट्ट्या बांधून दिल्या. बोटाच्या टोकाची पट्टी निसटते, ती न निसटेल अशी बांधणं सोपं नाही, पण मी बांधल्या, मनगटावरून आधार देऊन, आणि तिला सुई धरता येईल एवढी जागा ठेवून. तिने दोन्ही हात समोर धरले. बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हे मात्र कुणाला जमणार नाही." त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं की बसवाल्याची पट्टीही मी उगाचच सुंदर बांधली.

स्वयंपाकी गेला. मग एक घोटा, मग कानामागे टाके. साडेअकरा झाले. नवी डॉक्टर चार नंबरजवळून जाताना थांबली, तिने बाईचा हात उचलला आणि बोटांवरच्या पट्ट्यांकडे पाहिलं. "हे काय?" बाई म्हणाली, "शिवणकाम करते. टोचतं." "बापरे, किती ते," असं म्हणून डॉक्टरने हात खाली ठेवला आणि ती दुसऱ्या खाटेकडे गेली. मी पडद्याआडून हे बघितलं आणि हातातलं काम थांबवलं. का ते मला कळलं नाही. मला बोटांबद्दल काही माहीत नव्हतं, आजही फारसं नाही. पण डॉक्टर पट्टीपर्यंत आली होती आणि पट्टीवरून परत गेली होती, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. पट्टी चांगली होती म्हणून परत गेली. मळकी असती, सुटलेली असती, तर तिने उघडून बघितलं असतं. मी हात धुतले. पुन्हा धुतले. अकरा महिने, मी मनाशी म्हणालो. मग म्हणालो, ती मोठी बाई आहे, तिला बोलायचं असतं तर ती बोलली असती. मग म्हणालो, डॉक्टर शिकलेली आहे, तिला कळेलच. असं एकेक वाक्य काढत मी एक वाजवला. दीड तास. नंतर मी त्या दीड तासाचा हिशेब कुणाला दिला नाही आणि कुणी मागितलाही नाही.

एक वाजता तिला साध्या वॉर्डात हलवायला माणसं आली, आणि खाट हलली तेव्हा मी बाहेर आलो. "मॅडम, एक मिनिट," मी म्हणालो. खाटेवरून ती हळूच म्हणाली, "मामा, राहू द्या ना." हे मला लागलं. डॉक्टरने दोघांकडे पाहिलं. मी सांगितलं. उभ्या उभ्या, हात मागे बांधून, शाळेत सांगतात तसं : चौदा महिने, एक दिवसाआड, ताप तीन आठवडे, या रंगाच्या गोळ्या इतक्या, त्या रंगाच्या इतक्या, उशी भिजायची, बोटं सोमवारपासून. डॉक्टरने मला मध्ये थांबवलं नाही. मी संपवलं तेव्हा तिने कात्री मागितली आणि एकेक करून आठही बोटांच्या पट्ट्या कापल्या. ठिपके आता काळसर झाले होते. ती तळवे बघत राहिली, नखं बघितली, मग कानाला नळी लावून छातीवर वाकली आणि इतका वेळ वाकून राहिली की सिस्टर जवळ येऊन उभी राहिली. मग सरळ होऊन म्हणाली, "हे शिवणाचं नाही. हृदयाच्या झडपेवर जंतू बसलेत. तिथून तुकडे सुटून बोटांपर्यंत येतायत." ती रागावली नव्हती. मी ओरडा खायच्या तयारीत होतो आणि तो मिळालाच नाही. "तुम्ही ज्या गोळ्या दिल्या ना मामा, त्यांनी ते मेले नाहीत, नुसते लपले. आता रक्तात ते पटकन सापडणारही नाहीत." मी म्हणालो, "ती परत आलीच नसती मॅडम. मी बांधलं नसतं तर ती आलीच नसती इथे." डॉक्टरने कापलेल्या पट्ट्या गोळा करून कचऱ्यात टाकल्या. "आली असती," ती म्हणाली. "जखम सडली असती, वास सुटला असता, आणि सहा महिन्यांपूर्वीच कुणीतरी उचलून आणली असती. तुम्ही फार चांगलं बांधलंत." आणि ती फोन करायला गेली. मी खूप ऐकून घेतलंय आयुष्यात, शिव्याही खाल्ल्यात, पण तसं कुणी मला बोललं नव्हतं, आणि ती तर साधं सांगत होती.

तिने माझी तक्रार केली नाही. तिने कागद दुरुस्त केला एवढंच. पण कागद दुरुस्त करायचा म्हणजे त्यावर सुई लिहावी लागली, आणि ते लिहिल्याबरोबर शेवटचा बाक तिसऱ्या मजल्यावर जाऊन पोचला. हृदयाच्या डॉक्टरांनी यंत्र लावून बघितलं. झडप अर्धी खाल्ली गेली होती, ती बदलायला हवी, पण बदलून काय उपयोग, बाई पुन्हा टोचणार, नवी झडपही घालवणार. आधी सहा आठवडे सलाईनमधून औषध घेऊ दे, निजून राहू दे, सुधारल्याचं दिसू दे, मग बघू. हे मला वरच्या वॉर्डबॉयने सांगितलं. सहा आठवडे. तिच्या अंगाला दर आठ तासांनी नशेची सुई लागायची, नाही मिळाली की अंग पिळवटून निघायचं. त्याची कळ मारायचं औषध असतं, पण ते आमच्या इमारतीत ठेवत नाहीत. ते पलीकडच्या व्यसनमुक्तीच्या इमारतीत, त्याला पत्र लागतं, पत्रावर मोठ्या डॉक्टरची सही लागते, आणि तिथला डॉक्टर गुरुवारी येतो. त्या दिवशी शुक्रवार होता. नवी डॉक्टर स्वतः पत्र घेऊन दोनदा पलीकडे गेली, हे मी पाहिलं. दुसऱ्यांदा परत येताना ती अंगणात जरा वेळ नुसती उभी होती. तिला आता थोडं थोडं कळायला लागलं होतं, तीन आठवड्यांत कळतंच.

घरी मी बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या करत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई आहे का तिला?" मी म्हणालो, माहीत नाही. "लग्न झालेलं? मूलबाळ?" माहीत नाही. "राहते कुठे?" दुकानाच्या जवळ कुठेतरी, असं मी म्हणालो, पण तेही मी अंदाजाने सांगत होतो. "अहो, चौदा महिने म्हणता ना?" बायको म्हणाली. तिने टोमणा मारला नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. त्या बाईच्या पोटरीवरची जखम मी डोळे मिटून काढून दाखवली असती, कुठे खोल, कुठे उथळ, कुठल्या बाजूने भरत होती. ती कापडाला दोन बोटांत कशी धरायची ते सांगितलं असतं. अंथरुणावर पडल्यावर मी तिचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला तर आधी पायच यायचा. रविवारी वर जाऊन तिला भेटायचं ठरवलं, आई आहे का विचारायचं ठरवलं. वॉर्डाच्या दारापर्यंत गेलो. आत ती पाठमोरी होती, गुडघे पोटाशी घेऊन, खाटेचा गज धरून, आणि अख्खी खाट हलत होती. शेजारच्या खाटेवरची म्हातारी कानावर उशी दाबून बसली होती. मला आत जावंसं वाटलं नाही. भीती वाटली, असं सरळ म्हणतो.

मंगळवारी दहा वाजता मागचं दार वाजलं. दवाखान्याच्या झग्यावर स्वतःचा स्वेटर, खांद्याला पिशवी, मनगटाला सलाईनची सुई तशीच चिकटवलेली. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, घामाने केस कपाळाला चिकटले होते. "माझ्या जबाबदारीवर जाते म्हणून सही करून आले," ती म्हणाली. "मामा, ही सुई तेवढी काढा आणि पायाचं करा. चार दिवस वर कुणी पट्टी बदललेली नाही, बघा कसं गुंडाळून ठेवलंय." तिने पाय पुढे केला. खरंच गुंडाळून ठेवलं होतं. मी म्हणालो, "वर जा." "मामा." "परवा गुरुवार आहे. तो डॉक्टर येतो. दोन दिवस काढ." "दोन दिवस तुम्ही काढून बघा," ती म्हणाली, पण भांडायचं तिच्यात त्राण नव्हतं. मी वॉर्डात फोन लावला. "तिने सही केलीय ना?" पलीकडून आवाज आला, "मग झालं की." नव्या डॉक्टरला लावला, ती सुट्टीवर होती. मी फोन ठेवला, तिच्या मनगटातली सुई काढली, कापूस दाबून धरला. तिची नाडी माझ्या अंगठ्याखाली कशीही धावत होती. "गेलीस तर आठ दिवस निघणार नाहीत," मी म्हणालो. "ते वरच्यांनी सांगितलं. चांगलं समजावून सांगितलं. तुम्ही बांधा." आणि तेव्हा मला डॉक्टरचं बोलणं आठवलं, तुम्ही फार चांगलं बांधलंत. मी ठरवलं की या वेळी नाही. वास येऊ दे, सुटू दे, कुणीतरी उचलून आणू दे. "मी बांधणार नाही," मी म्हणालो. "बांधून हवं असेल तर वर जा. माझ्याकडून आता काही मिळणार नाही." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, पण मी दाराकडे बघून उभा राहिलो. मला वाटत होतं ती रडेल, आणि मग वर जाईल. सव्वीस वर्षांत मी पहिल्यांदाच कुणाला बरं करण्याचा प्रयत्न करत होतो.

ती रडली नाही. "बरं," म्हणाली. स्टुलावर बसली, पाय समोरच्या खुर्चीवर ठेवला आणि वरची घाणेरडी पट्टी सोडून खाली टाकली. माझ्या ट्रेमधली बाटली घेतली, गॉज घेतला, जखम धुतली. हात इतके थरथरत होते की अर्धं पाणी जमिनीवर गेलं. मग तिने रोल उचलला, अंगठ्याने कापडाची कड चाचपली आणि घोट्यापासून बांधायला सुरुवात केली, आणि हात थरथरायचे थांबले. मी बघत राहिलो. काळ्या पडलेल्या बोटांनी ती माझ्याच पद्धतीने वेढे घालत होती. जिथे मी ताण देतो तिथे ताण, जिथे सैल सोडतो तिथे सैल. चौदा महिने ती पायाकडे नव्हे, माझ्या हातांकडे बघत होती. गुडघ्याखाली तिने टोक खोचलं, चिकटपट्टी लावली नाही, लागतच नव्हती. "बरं आलंय?" तिने विचारलं. मी काहीतरी खोट काढायला वाकून पाहिलं. "बरं आलंय," मी म्हणालो. ती उठली, टेबलावरचे दोन रोल उचलून मला दाखवले. "हे नेऊ?" आता तिला माझ्याकडेही यायचं कारण उरलं नव्हतं. मी कपाट उघडलं आणि तिच्यासाठी बाजूला काढून ठेवलेले होते नव्हते ते सगळे रोल तिच्या पिशवीत भरून दिले.